डाग सोडून बाकीची भिंत

"पाण्याने पुसलं तर चालेल का?" हा प्रश्न मला बहुतेक वेळा भिंत पाण्याने पुसून झाल्यावर विचारला जातो.

घटस्थापनेच्या आधीचा आठवडा आमच्या धंद्यातला सर्वांत वाईट. या आठवड्यात आमच्याकडे घर धुतलं जातं. गोधड्या, पडदे, डबे, पंखे, खिडक्यांचे गज, सगळ्यावर पाणी पडतं. ज्याला पाणी लागलं नाही ते स्वच्छ झालं असं कोणी मानत नाही. या पाण्याच्या वाटेत हॉलची एक भिंत येते आणि तिच्यावर मी लावून दिलेला वॉलपेपर असतो. मग फोन येतो.

"ताई, तुमचा कागद फुगून राह्यला."

"पाणी लावलं का?"

"न्हाई वो. पाणी कशाला लावू? नुसतं फडक्यानं पुसलं."

"फडकं ओलं होतं?"

"आता फडकं म्हनल्यावर ओलंच आसन ना!"

जालन्यात वॉलपेपरचं दुकान चालवण्याआधी मी एका जिल्हा दैनिकाच्या डेस्कवर होते. तालुक्यांतून आलेल्या बातम्या तपासायच्या, गाळलेलं विचारून भरून घ्यायचं, हे काम. ती आवृत्ती बंद झाली तेव्हा भावाच्या रंगांच्या दुकानातला एक कोपरा मोकळा होता. तिथे मी कॅटलॉग मांडले. सोबत रशीदभाई आले. ते आधी गाड्यांच्या सीटना कव्हरं चढवायचे, त्यामुळे सुरकुती न पडू देता ताणून बसवण्याचा हात त्यांच्याकडे तयार होता. डेस्कची सवय इथेही कामाला येते. तक्रार करणारा माणूस शेवटापासून सांगायला लागतो आणि मधली बादली गाळतो. ती बादली विचारून काढावी लागते.

बाहेरच्या माणसाला सगळे वॉलपेपर सारखेच वाटतात. ते सारखे नसतात आणि सगळी भांडणं इथूनच सुरू होतात. व्हिनाइलच्या वॉलपेपरवर प्लास्टिकचा पातळ थर असतो. तो पिळून घेतलेल्या फडक्याने, अगदी थोड्या साबणाने पुसता येतो. धूळ झटकताना वरून खाली यायचं आणि ओलं पुसताना खालून वर जायचं, कारण वरून सुरुवात केली की मळकट पाण्याचे ओघळ खालच्या कोरड्या भागावर उतरतात आणि तिथेच वाळतात. साधा कागदी वॉलपेपर आणि वरती लेप नसलेला छापील वॉलपेपर यांना पाणी दाखवायचंही नाही. मऊ ब्रश, कोरडं सुती कापड, पेन्सिलच्या रेघोट्यांना खोडरबर, एवढंच. गवताच्या विणीचा असेल तर धूळ फक्त ओढून घ्यायची, घासायचं नाही. मखमली असेल तर ब्रश एकाच दिशेने. चंदेरी पत्र्यासारखा असेल तर त्यात करंट उतरू शकतो, म्हणून आधी त्या भिंतीवरचं विजेचं बटण बंद करायचं, मग हात लावायचा. आपला कोणता आहे हे आठवत नसेल तर सोफ्यामागच्या कोपऱ्यात बोट ओलं करून टेकवायचं. थेंब वर उभा राहिला तर पुसता येईल, मुरला तर फडकं खाली ठेवायचं. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते. प्रत्येक गिऱ्हाईक मान डोलावतं.

एका गृहस्थांनी गाडी धुवायच्या पाइपाने भिंत धुतली. दाबाने पाणी सोडून, वरपासून खालपर्यंत. त्यांचा मला प्रश्न होता, "गाडीचा रंग निघत न्हाई, मंग भिंतीचा कसा काय निघाला?" 

बाकीचं नुकसान जालनं करतं. लोखंडाच्या कारखान्यांच्या बाजूला राहणाऱ्यांच्या घरात काळी बारीक धूळ येते. ती कोरडी असताना ब्रशने निघून जाते. ओलं फडकं फिरवलं की तिच्यातले लोखंडाचे कण कागदात बसतात आणि काही दिवसांनी भिंतीवर तांबूस ठिपके उठतात. मग लोक म्हणतात, वॉलपेपर गंजला. टँकरचं पाणी वाळलं की क्षारांचे पांढरे नकाशे ठेवून जातं. उन्हाळ्यात कूलर भिंतीला चिकटून लावतात आणि कडा सुटल्या की गोंद खराब होता म्हणतात. "कूलर सरकवा," म्हटलं की उत्तर येतं, "कूलर तिथंच बसतो. तुमचा कागद सरकवा."

पण सगळ्यांत जास्त फोन पाण्याचे, धुळीचे किंवा कूलरचे नसतात. ते डोक्याच्या तेलाचे असतात. दिवाण भिंतीला लावलेला असतो. घरातला कर्ता माणूस त्यावर बसतो आणि मागे डोकं टेकतो. त्या जागी आधी पुरीएवढा, मग भाकरीएवढा गोल डाग उमटतो. घरात कोण कुठे बसतं हे मी दारातून आत शिरताच सांगू शकते. ही गोष्ट अशाच एका डागाची आहे.

भोकरदनचे साळवे सर माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी हॉलच्या एका भिंतीवर बोधिवृक्ष छापून घ्यायचं ठरवलं. चित्र त्यांनी स्वतः काढलं होतं. छपाई संभाजीनगरला झाली. तीन पट्ट्या होत्या. डाव्या दोन पट्ट्यांत झाड, उजव्या पट्टीत काही पानं आणि मोकळं आकाश. झाडाखाली एक फळी, फळीवर बुद्धमूर्ती. आकाशाखाली दिवाण.

वरून लेप देऊन घ्या, म्हणजे पुसता येईल, असं मी त्यांना तीनदा सांगितलं.

"लेपाने चमकतं ना?" त्यांनी विचारलं.

"थोडं चमकतं."

"चमकणारं झाड मी अजून पाहिलेलं नाही, मॅडम."

लेप दिला नाही. पहिल्या सहा महिन्यांतच फोन आला.

"साळवे बोलतोय. तुमच्या कागदाला डाग पडलाय."

"कुठे, सर?"

"दिवाणाच्या वर."

"तुम्ही बसता तिथे?"

"मी बसतो तिथेच. पण डाग मी पाडलेला नाही."

"डोक्याला तेल लावता का?"

"लहानपणापासून लावतो. आजवर एकाही भिंतीने तक्रार केलेली नाही."

"त्या चुन्याच्या होत्या, सर."

मी आणि रशीदभाई गेलो. डागावर अंगाला लावायची पावडर थापली, रात्रभर ठेवायला सांगितली, दुसऱ्या खेपेला टीपकागद धरून वरून कोमट इस्त्री फिरवली. तेल वर येतं, टीपकागदात उतरतं. डाग बराच फिकट झाला. मी सरांना सांगितलं की इथून पुढे मागे टॉवेल टाकून बसा. त्यांच्या पत्नी सुजाताताई, प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या, त्या आतून म्हणाल्या, "मी रोजच सांगून राह्यले. माझं ऐकत न्हाईत, आता कागदवाल्या मॅडमचं तरी ऐका."

सरांनी टॉवेल टाकला. पाहुणे आले की काढायचे. "लोकांसमोर भिंतीला टॉवेल बांधून बसू काय?" पाहुणे रोजच येत. डाग परत आला. पुन्हा फोन, पुन्हा पावडर, पुन्हा इस्त्री. असं तीन-चार वर्षं चाललं. दरवेळी सर पहिल्यांदाच घडल्यासारखी तक्रार करायचे. एकदा रशीदभाई वैतागून म्हणाले, "सरजी, या तो तेल छोडो, या दीवार छोडो." सर म्हणाले, "रशीदभाई, दोन्ही माझंच आहे. तुम्ही इस्त्री फिरवा." परतीच्या वाटेवर राजूरला चहा पिताना आम्ही दोघांनी ठरवलं की या माणसाचा फोन आता उचलायचा नाही. पुढच्या वेळी उचलला.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात सर गेले. सकाळी अंघोळ करून दिवाणावर बसले होते, तिथेच. मी भेटायला गेले तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं. भिंतीकडे माझं लक्ष गेलं, ते सवयीने. डाग ताजा होता. 

वर्ष होत आलं तेव्हा सुजाताताईंचा फोन आला. आवाज शाळेत सूचना देतात तसा.

"मॅडम, सरांचा वर्षाचा कार्यक्रम हाये. भंतेजी येनार, गावाकडचे सगळे येनार. मूर्तीच्या वर भिंत काळी झाली. तेवढी साफ करून द्या."

मेणबत्ती आणि अगरबत्ती. वर्षभर त्यांनी दोन्ही वेळा लावली होती. झाडाच्या बुंध्यापासून वर फांद्यांपर्यंत काजळीचा पट्टा चढला होता.

कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी आम्ही पोचलो. पुण्याहून मुलगी आली होती. प्रज्ञा नाव, इंजिनिअर. तिने मला दारातच गाठलं.

"मॅडम, हे सगळं काढूनच टाकायचं का? मी रंगाऱ्याशी बोलले आहे. काढून साधा पांढरा रंग द्यायचा."

"आईंनी साफ करायला बोलावलंय."

"आई त्या दिवाणाच्या समोर खुर्ची टाकून बसते. दिवसभर. शेजारच्या काकूंनी मला फोन करून सांगितलं. मला ते बंद व्हायला हवं आहे."

आत गेल्यावर सुजाताताईंनी भिंत दाखवली. काजळी दाखवली, मग बोट उजवीकडे नेलं. "इथवर साफ करा. त्या डागाला हात लावायचा न्हाई."

"आई, तो तेलाचा डाग आहे," प्रज्ञा म्हणाली.

"कशाचा हाये ते मला म्हाईत हाये."

"सगळे पाहुणे तिथेच बसणार. काय म्हणतील?"

"तुझ्या बापाला काय म्हनायचे? तेच म्हनतील."

मग दोघी माझ्याकडे पाहायला लागल्या. आमच्या धंद्यात ही वेळ वरचेवर येते. घरातलं भांडण सोडवायला भिंतवाल्याला साक्षीला बोलावतात. प्रज्ञाने विचारलं, "निघेल का तो?" मी जे खरं तेच सांगितलं. फिकट होईल. पुरता निघणार नाही, तेल वर्षभर आत मुरत राहिलं आहे.

"मंग ऱ्हाऊ द्या," सुजाताताई म्हणाल्या.

"कार्यक्रम होईपर्यंत राहू दे," प्रज्ञा म्हणाली. "त्यानंतर हा कागद काढायचा. दरवेळी तुझंच ऐकायचं नाही."

 सुजाताताई स्वयंपाकघरात गेल्या. म्हणजे भिंतीला कार्यक्रमापर्यंतची मुदत मिळाली.

काजळीला पाणी चालत नाही, हे एव्हाना वाचकाच्या ध्यानात आलं असेल. काजळी तेलकट असते, ओली झाली की पसरते. लेप नसलेल्या कागदावरून ती काढायचा सर्वांत चांगला उपाय म्हणजे गव्हाच्या कणकेचा गोळा. घट्ट मळलेला, तेल नाही, मीठ नाही. हलक्या हाताने एकाच दिशेने फिरवायचा, काळा झाला की मळकी बाजू आत दुमडायची, पुन्हा फिरवायचा. कणीक चिकट असते आणि ओली नसते, म्हणून ती काजळी उचलते आणि कागद भिजवत नाही. ज्वारीचं पीठ चालत नाही, ते भुगा होऊन भिंतीवर बसतं. अंबडकडच्या एका बाईंनी ज्वारीचंच वापरलं होतं, कारण "घरात तेच होतं." त्यांच्या भिंतीवर भाकरी थापल्यासारखं दिसत होतं.

मी सुजाताताईंना सगळं सांगितलं. त्यांनी परात घेतली आणि कणीक मळून आणली. मी हात लावून पाहिला. मऊ, तुकतुकीत.

"तेल घातलं का?"

त्यांनी परातीकडे पाहिलं. "घातलं वाटतं. मीठ बी."

"मी काय म्हणाले होते?"

"आता हाताला सवय हाये, मॅडम. हात काय इचारून घालतो का?"

त्या गोळ्याच्या पोळ्या झाल्या, दुसरा गोळा मळला गेला. आम्ही कामाला लागलो तेवढ्यात धावड्याहून सरांची मोठी बहीण आली. शांताबाई. सत्तरी ओलांडलेली, शेतात अजून जाणारी बाई. पिशवी खाली ठेवायच्या आधी त्यांनी भिंतीकडे पाहिलं.

"आगं बया! भिंतीवर पोळ्या करायल्या काय?"

"भिंत साफ करतोय, आक्का," रशीदभाई म्हणाले.

"कनकेनं?"

"भिंत भी भूकी रहती है, आक्का."

"मंग भाजी बी लावा जरा. सोन्यासारखी कनीक घासून राह्यले दगडावर." त्या आत गेल्या आणि तिथून बराच वेळ ऐकू येत राहिल्या.

दोन तासांत काजळी उतरली. झाड पुन्हा दिसायला लागलं. चित्र चांगलं होतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा नीट दिसलं. इतकी वर्षं मी त्या भिंतीवर फक्त डाग पाहायला जात होते. कणकेचे कण मऊ ब्रशने झटकले. शेवटी मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "या भिंतीला कोणी पाणी लावायचं नाही. ओलं फडकंही नाही."

सुजाताताईंनी मान डोलावली. प्रज्ञाने मान डोलावली. शांताबाईंनीही डोलावली. मी स्वतः पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. प्रज्ञा होती. ती हळू बोलत होती.

"मॅडम, आत्याने भिंत धुतली."

मी डेस्कवर बरीच वर्षं काढली आहेत. वाईट बातमी चार शब्दांत बसते, याची मला सवय आहे. तरी मी तिला वाक्य पुन्हा म्हणायला लावलं.

आम्ही लगेच निघालो. पोचलो तेव्हा सगळ्या हॉलमध्येच होत्या. फरशी पुसलेली होती, बादली अजून तिथेच होती. शांताबाईंनी डावीकडून सुरुवात केली होती. कपडे धुवायची पावडर घातलेलं पाणी आणि घासणी. पाण्यात विरघळणाऱ्या शाईत छापलेलं झाड वाहून खाली आलं होतं. हिरवा, तपकिरी, दोन्ही रंग मिळून फळीच्या मागे चिखलासारखे साचले होते. दोन्ही पट्ट्या गेल्या होत्या. उजवी पट्टी त्यांनी शेवटी घेतली होती, फार नाही, दिवाणाच्या वरची मधली जागा तेवढी. तिथलं आकाश घासून पांढरं पडलं होतं. आणि त्या पांढऱ्याच्या मधोमध डाग जसाच्या तसा होता. तेलाने पाणी आत शिरू दिलं नव्हतं. भोवतालचा रंग निघाल्यामुळे तो आधीपेक्षा जास्त ठळक दिसत होता.

"मी काल सांगितलं होतं, पाणी लावायचं नाही," मी म्हणाले.

शांताबाई दिवाणाच्या कडेला बसल्या होत्या. "तुमी सांगितलं ना बाई. म्या ऐकलं ना. पन कनीक लागल्ती भिंतीला. कनीक लागलेली वस्तू तशीच ठिवायची का? परात धुतो, वटा धुतो, हात धुतो. मुंग्या येत्यात. उद्या भंतेजी येनार, अन् मूर्तीमागं मुंग्यांची रांग?"

याला उत्तर होतं. कण आम्ही झटकले होते. पण कणीक मळल्यावर आजवर कोणत्या बाईने परात नुसती झटकून ठेवली आहे? 

"सगळं निघालं," शांताबाई पुढे म्हणाल्या, "पन त्यो मेला डाग काय निघंना. लई घासला. साबन लावला, घासनी लावली, नख लावलं."

सुजाताताई खुर्चीत बसल्या होत्या, दिवाणाच्या समोरच्या. त्या सकाळी दळण आणायला गेल्या होत्या, तेवढ्या वेळात हे झालं होतं. त्यांनी शांताबाईंकडे न पाहता सांगितलं, "आक्का, ते त्यांचं डोकं टेकायचं हितं."

"कुनाचं?"

"तुमच्या भावाचं."

शांताबाई वळल्या. दिवाणावर गुडघे टेकून त्यांनी डाग जवळून पाहिला. मग हात टेकवला. 

"ल्हानपनी मीच न्हाऊ घालायचे त्याला," त्या म्हणाल्या. "माय शेतात गेली की मीच. तवा बी असंच. किती बी घासा, डोक्याचं तेल निघत नव्हतं."

प्रज्ञा उठून आत गेली.

कार्यक्रम दुसऱ्या दिवशी होता. नवीन छपाई एका दिवसात होत नाही. रशीदभाईंनी खराब झालेल्या पट्ट्या ओढून काढल्या. हा कागद तसा चांगला, सालीसारखा सोलून निघतो. डाव्या दोन निघाल्या. तिसऱ्या पट्टीच्या कडेला त्यांनी बोट घातलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी सुजाताताईंकडे पाहिलं. उत्तर प्रज्ञाने दिलं. ती दारात येऊन उभी होती.

"ती राहू द्या."

"कार्यक्रमापर्यंत?" मी विचारलं. माझी जुनी सवय. अर्धवट वाक्य मला चालत नाही.

"राहू द्या म्हणाले ना मी."

उघड्या पडलेल्या भिंतीवर पांढरं कापड ताणून लावलं. रशीदभाईंनी ते इतकं नेटकं बसवलं की पाहुण्यांना ते मुद्दाम केलेलं वाटलं. वंदना झाली, भोजनदान झालं. मीही गेले होते. शाळेतली जुनी माणसं दिवाणावर येऊन बसत होती आणि शांताबाई प्रत्येकाला सांगत होत्या, "पुढं सरकून बसा. डोकं टेकवू नगा." का, ते त्यांनी कोणालाही सांगितलं नाही. भिंत ओली आहे असं लोकांना वाटलं असावं.

झाडाची फाइल आमच्याकडे होती. पंधरा दिवसांनी दोन नव्या पट्ट्या लावल्या. झाड नवं, गडद, काल काढल्यासारखं. शेजारचं आकाश पाच वर्षं जुनं, उन्हाने उतरलेलं, मधे घासून पांढरं झालेलं. जोड हॉलच्या दारातून दिसतो. एका भिंतीवर दोन छटा लावू नयेत, हा आमच्या कामातला पहिला नियम. छपाईची खेप बदलली तरी आम्ही माल परत करतो. रशीदभाई जिना उतरताना म्हणाले, "ताई, हितं आपलं नाव सांगू नका कुनाला." पण सुजाताताई सांगतात. भोकरदनमध्ये आता नवं गिऱ्हाईक ती भिंत पाहून येतं आणि विचारतं, "साळवे सरांच्या घरी रंग मॅच झाला न्हाई का?" नाही झाला, असं मी सांगते. कारण सांगत बसत नाही. त्यातली निम्मी गिऱ्हाइकं परत येत नाहीत.

प्रज्ञाने रंगाऱ्याला नको म्हणून कळवलं. ती आता महिन्याआड येते.

परवा नवरात्राच्या आधीचा तो आठवडा सुरू झाला. सकाळपासून ओल्या फडक्यांचे फोन चालू होते. त्यातच सुजाताताईंचा आला. मी न विचारताच म्हणाले, "पाणी लावलं का कोणी?"

"न्हाई वो. त्यो डाग फिका पडून राह्यला."

"ताई, तेल आहे ते. उन्हाळ्यात कागदात पसरतं. कडा विरत जातात, मग मधलाही उतरतो."

"पुरा जाईल?"

"कळण्यासारखा राहणार नाही."

"कधी?"

"सांगता येत नाही. एखादा उन्हाळा. दोन."

 डाग कसा काढायचा, एवढाच प्रश्न मला इतकी वर्षं विचारला गेला आहे. त्याची सगळी उत्तरं मला पाठ आहेत.

"मॅडम," त्यांनी विचारलं, "वरून आजून तेल लावलं तर?"

दुकानात गिऱ्हाईक उभं होतं. भाऊ खुणेने लवकर आटपा म्हणत होता.

"सर कोणतं लावायचे?" मी विचारलं.

"खोबऱ्याचं."

"मग तेच घ्या. कापसावर एक थेंब, जास्त नको. मधोमध टेकवायचा, फिरवायचा नाही. कडेला न्यायचा नाही, तो आपोआप जाईल. दोन-तीन महिन्यांतून एकदा. आणि ताई..."

"पानी न्हाई लावायचं," त्या म्हणाल्या. "म्हाईत हाये."